राहू-केतूंचे वारसदार आम्ही नव्हे

तुमच्या मुलाच्या शाळेत सूर्यमाला शिकवली जाते काय, असे विचारले तर मुख्याध्यापक तत्काळ होय म्हणतील, आणि ते खोटे बोलत नाहीत. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ही आठ नावे सहावी-सातवीतले मूल एका दमात म्हणून दाखवते. परंतु त्याच मुलाला विचारा की पौर्णिमेचा चंद्र बरोबर सूर्यास्ताच्या सुमारासच का उगवतो. अमावास्या दर महिन्याला येते, मग सूर्यग्रहण दर महिन्याला का होत नाही, हेही विचारा. मूल गप्प बसते. ग्रहणाच्या दिवशी आजी त्याला खिडकी लावून घे म्हणते, शिजलेल्या अन्नावर तुळशीपत्र ठेवते, तेव्हाही ते गप्पच बसते. या दोन्ही मौनांचे मूळ एकच आहे, आणि त्या मुळावर घाव घालण्यासाठीच हा लेख आहे.

आमचे म्हणणे असे की, सूर्यमाला पाठ करून घेणे म्हणजे खगोल शिकवणे नव्हे. ज्याच्यापुढे पुरावा ठेवला नाही, त्याला ज्ञान दिले असे म्हणता येत नाही. त्याच्या हातात एका पोथीऐवजी दुसरी पोथी दिली, एवढेच. आणि ज्या समाजाला पोथीच्या जोरावर शतकानुशतके गावाबाहेर ठेवण्यात आले, त्या समाजाच्या मुलांच्या बाबतीत ही उणीव क्षुल्लक मानता येणार नाही. ती त्यांच्या हक्काची पायमल्ली होय.

कोणी म्हणेल, ग्रहगोलांचा आणि आमच्या हक्कांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जुना आहे. ग्रहण लागले म्हणजे महाराष्ट्राच्या गावागावांतून महार-मांगांनी झोळी घेऊन सवर्णांच्या दारात जावे आणि 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी आरोळी द्यावी, ही चाल आमच्या आजोबा-पणजोबांनी पाळली. राहू-केतू हे अंत्यजांचे. अंत्यजांना दान दिले की ते सूर्य-चंद्राला सोडतात, अशी ती समजूत. म्हणजे आकाशात चंद्राची सावली पृथ्वीवर पडली, तर तिचा जबाब जमिनीवर कोणी द्यावयाचा? आम्ही! सूर्याला गिळणाऱ्या राक्षसाशी आमचे नाते जोडले आणि त्या नात्याच्या मोबदल्यात शिळे तुकडे व फाटके धडुते आमच्या झोळीत टाकले. ज्याला ग्रहणाचे खरे कारण ठाऊक आहे, तो ही झोळी खांद्यावर घेईल काय? आणि ज्याला ते ठाऊक आहे, तो ती दुसऱ्याच्या खांद्यावर देईल काय?

सावलीचा प्रश्नही तसाच. पेशवाईत सार्वजनिक रस्त्यावर समोरून हिंदू येत असेल तर अस्पृश्याने त्या रस्त्याने जावयाचे नाही, कारण त्याच्या सावलीने विटाळ होतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' या निबंधात नमूद करून ठेवले आहे. सावली म्हणजे काय? प्रकाशाच्या वाटेत पदार्थ आडवा आला की मागे जो अंधार पडतो तो. त्याला जात नसते, वास नसतो, वजन नसते. इसवी सनापूर्वी सुमारे २४० च्या सुमारास इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक पंडिताने दोन गावांतील मध्यान्हीच्या सावल्यांची तुलना केली आणि त्या सावल्यांवरून साऱ्या पृथ्वीचा घेर काढला. एका देशात सावलीने पृथ्वी मोजली. दुसऱ्या देशात सावलीने माणूस मोजला. आमच्या मुलांना यातली कोणती सावली शिकवावयाची, हे ठरविण्याची वेळ आली आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. १८५५ साली त्यांनी लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात एक भिक्षुक जोशी गरोदर कुणबिणीच्या घरी येतो, पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे म्हणून भिववतो, आणि त्या गरीब जोडप्याला लुबाडतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. नाटकाचा शेवट काय, तर ते जोडपे रात्रीच्या शाळेत जाते. जोतीरावांनी ग्रहपीडेवर उतारा म्हणून शांत सांगितली नाही, शाळा सांगितली. परंतु शाळेत गेल्यावर ग्रहांविषयी नुसती नावेच पाठ करावयाची असतील, तर तो उतारा लागू कसा पडावा?

आता मुलाच्या मनात काय गोंधळ माजतो ते पाहा. घरात, शेजारी, दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर ते नवग्रह ऐकते. शाळेत आठ ग्रह ऐकते. या दोन याद्या कोणी शेजारी ठेवून दाखवीत नाही. आम्ही ठेवतो. नवग्रहांत पहिला सूर्य. तो ग्रह नाही, तारा आहे. दुसरा चंद्र, तो पृथ्वीचा उपग्रह आहे. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे पाच खरे ग्रह. उरले राहू आणि केतू. तेथे कोणतीही वस्तूच नाही. ज्या पृथ्वीवर उभे राहून ही यादी केली, ती पृथ्वी यादीत नाही. युरेनस १७८१ साली आणि नेपच्यून १८४६ साली सापडला, त्यांची तर दादच नाही. नऊपैकी चार खोटे, तीन खरे गहाळ, अशी ही यादी लग्न जुळवते, मोडते आणि मुलीच्या कपाळी 'मंगळ' लिहिते!

राहू-केतू म्हणजे मग काय? जुईनगरच्या मुलाला हे समजावणे अगदी सोपे आहे. जुईनगर स्थानकावर ठाण्याकडून येणारा लोहमार्ग आणि वाशीकडून येणारा लोहमार्ग एकत्र येतात. ज्या ठिकाणी ते मिळतात ते ठिकाण आहे; तेथे कोणी राक्षस बसलेला नाही. चंद्राचा मार्ग पृथ्वीच्या मार्गाच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेला आहे. म्हणून चंद्र ती पातळी दोन बिंदूंत ओलांडतो. या दोन बिंदूंना राहू व केतू ही नावे. अमावास्येला किंवा पौर्णिमेला चंद्र त्या बिंदूजवळ असेल तरच ग्रहण घडते. एरवी त्याची सावली पृथ्वीच्या वरून वा खालून निघून जाते. हे बिंदूही सरकत असतात आणि सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. एवढे समजले की दर महिन्याला ग्रहण का नाही, याचे उत्तर मिळाले, आणि त्याच उत्तरात राहूचे विसर्जनही झाले.

'हे सारे पाश्चात्त्यांचे ज्ञान' म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्याला आर्यभटाचे नाव सांगा. इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटाने ग्रहणे सावल्यांनी होतात आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असे सांगितले. पुढे काय झाले? ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने, ज्याला ग्रहणाचे गणित स्वतः उत्तम येत होते, राहू नाकारणाऱ्यांना वेद-स्मृतींचा विरोधक ठरविले. सुमारे १०३० साली अल्-बिरूनीने या देशाविषयी ग्रंथ लिहिला, तेव्हा या प्रकाराबद्दल ब्रह्मगुप्ताला चांगलेच फैलावर घेतले. तात्पर्य, या भूमीत ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान होते, ते पंचांगकर्त्याच्या गणितात कोंडले गेले आणि बाहेर लोकांना राहूची गोष्ट वाटण्यात आली. गणित त्यांच्याकडे, भीती आमच्याकडे, अशी ती वाटणी होती.

येथे आपल्या घरातही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची भाकिते सांगून पोट भरणे ही भिक्षूने टाळावयाची हीन विद्या म्हणून गणली आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण संयुत्तनिकायात राहूने पकडलेला चंद्र बुद्धाला शरण जातो आणि राहू त्याला सोडतो, अशीही कथा आहे, आणि जुन्या विश्ववर्णनात मेरू पर्वतही आहे. त्या काळच्या लोकांच्या कल्पना तेथे शिरल्या. त्या कल्पना आहेत, असे मुलांना स्वच्छ सांगावे. परंपरेने आले, ग्रंथात लिहिले, गुरूने सांगितले, एवढ्यावरून मानू नका, हे कालामांना दिलेले वचन आपल्या ग्रंथांनाही लागू आहे. दुसऱ्याच्या पोथीला प्रश्न विचारणारा आणि स्वतःच्या पोथीपुढे हात जोडणारा मनुष्य मुक्त झालेला नसतो. त्याने फक्त मालक बदललेला असतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आपले हितचिंतकच घेतात. 'वस्तीतल्या मुलांना आधी वाचता, लिहिता, हिशेब करता येऊ द्या. तारे-ग्रह ही सुखवस्तूंची हौस आहे.' वाचकहो, हा युक्तिवाद गोड आहे म्हणूनच घातक आहे. आमच्या मुलांनी पोटापुरते शिकावे आणि विश्वाचा विचार इतरांनी करावा, हीच तर जुनी वाटणी! मेघनाद साहा यांचे उदाहरण घ्या. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात, हलक्या मानलेल्या जातीतील एका गरीब दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थी त्यांना आपल्या पंक्तीत बसू देत नव्हते. त्याच साहांनी १९२० साली जे समीकरण मांडले, त्यावरून ताऱ्याच्या प्रकाशातील रेषा पाहून त्याचे तापमान काढता येऊ लागले. ज्याला जेवणाच्या पंक्तीतून उठवले, त्याने ताऱ्यांची पंक्ती लावून दिली. स्वतंत्र भारताने पंचांगसुधारणेसाठी १९५२ साली समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच. आणि रोहित वेमुला? १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हावे ही त्याची इच्छा होती, हे त्याच्या अखेरच्या पत्रातून जगाला कळले. आकाश ही आमच्या मुलांची हौस नाही असे कोणी म्हणू नये. ती त्यांची भूक आहे, आणि ती भागविली जात नाही.

दुसरा आक्षेप असा की, 'जुईनगरमधून आकाश दिसतेच कोठे? दिव्यांचा झगमगाट, धूर, इमारती. शिवाय दुर्बीण नाही.' ही सबब आहे. चंद्र, शुक्र, गुरू, शनी, मंगळ यांना जुईनगरचे दिवे झाकू शकत नाहीत. पूर्वेच्या डोंगररांगेवर सूर्य कोठून वर येतो, याची खूण मूल घराच्या गच्चीवरून दर पंधरा दिवसांनी वहीत करू शकते. जून ते डिसेंबर ती जागा उत्तरेकडून दक्षिणेकडे किती सरकते, ते पाहून त्याला ऋतूंचे कारण जेवढे कळेल तेवढे दहा पाने वाचून कळणार नाही. महिनाभर चंद्राचे चित्र काढावयाला वही-पेन्सिलखेरीज काय लागते? खोलीत एक दिवा आणि हातात एक चेंडू घेऊन मूल स्वतःभोवती फिरले, की चेंडूवर चंद्राच्या साऱ्या कला उमटतात.

काठी तर फुकट मिळते. शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी रोवावी आणि तिची सर्वांत आखूड सावली कोणत्या क्षणी पडते ते मुलांनी टिपावे. घड्याळात बारा वाजता ती पडत नाही, हे पाहून पहिला धक्का बसेल आणि तोच पहिला धडा होईल. जुईनगर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या १५-१६ तारखेच्या सुमारास मध्यान्ही, साडेबारा वाजून गेल्यावर, सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. दुसऱ्यांदा हे जुलैच्या अखेरीस घडते, पण तेव्हा ढग असतात. आणि मेमध्ये शाळेला सुट्टी असते. एक दिवस मुलांना बोलवावे! ज्या सावलीला विटाळ मानले, ती सावली आमच्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी शून्य झालेली पाहावी. याहून मोठा संस्कार कोणता?

याच काठीने इरॅटोस्थेनिसचा प्रयोगही होतो. जुईनगरच्या शाळेने आणि कोल्हापूरच्या एखाद्या शाळेने एकाच दिवशी मध्यान्हीच्या सावलीचा कोन मोजून एकमेकांना दूरध्वनीने कळवावा. फरक सुमारे २.३५ अंश येईल. दोन गावांतील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २६० किलोमीटर. त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या जवळपास निघतो. सातवीच्या मुलीने पृथ्वी मोजली! यानंतर तिला कोणी सांगावे की तुझ्या बुद्धीला मर्यादा आहे.

सूर्यमालेच्या चित्राबद्दलही दोन शब्द. भिंतीवरच्या तक्त्यात सारे ग्रह एकमेकांना खेटून बसलेले असतात, आणि मूल तेच खरे मानते. त्याऐवजी १४ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू सूर्य म्हणून शाळेच्या फाटकाशी ठेवा. त्या मापाने पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, आणि तो १५ मीटरवर. गुरू म्हणजे एक गोटी, ७८ मीटरवर. शनी १४३ मीटरवर. नेपच्यून म्हणजे मटकीचा दाणा, ४५० मीटरवर, म्हणजे पाच-सहा मिनिटे चालत गेल्यावर. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? याच मापाने ४,००० किलोमीटरवर, भारताच्या सीमेपलीकडे. ज्या मुलाने हे अंतर पायांनी चालून पाहिले, त्याला मोहरीच्या दाण्यावर उभे राहून 'मी उच्च, तू नीच' म्हणणाऱ्याचे हसू आल्याशिवाय राहणार नाही.

या पद्धती आम्ही शोधून काढलेल्या नाहीत. जुईनगरपासून रेल्वेने तिसऱ्याच स्थानकावर, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील संशोधकांनी महाराष्ट्रातील आदिवासी, ग्रामीण आणि शहरातील झोपडवस्तीतील मुलांबरोबर खगोलाच्या शिकवणीवर काम केले. प्रतिकृती, आकृत्या आणि शरीराच्या हालचाली यांच्या साहाय्याने गोल पृथ्वी व तिचे फिरणे मुलांच्या मनात कसे उतरते, ते तपासले. ज्ञान तीन स्थानकांवर आहे आणि वर्गात पोहोचत नाही! बालभारतीच्या २०१६ साली निघालेल्या सहावीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात विश्वाचा धडा अगदी शेवटी होता. २०१७ च्या सातवीच्या पुस्तकात तारकांचा धडाही शेवटीच. मार्च-एप्रिलच्या घाईत शेवटच्या धड्याचे काय होते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

शासनाकडून अपेक्षा काय करावी? राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ क ने, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीपासून, वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. आणि २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणण्याचे ठरविले! डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी, ज्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते, यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. काही कुंडल्या हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कोणती कोणाची ते ओळखावयाचे. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे दिली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के. नाणे उडवून कौल लावला असता तर निम्मी उत्तरे बरोबर आली असती. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच देशात २०२१ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषाची एम. ए. पदवी सुरू केली, आणि २०२३ च्या जुलैत चांद्रयानाची प्रतिकृती उड्डाणापूर्वी तिरुमलाच्या मंदिरात नेण्यात आली. यान मात्र २३ ऑगस्टला चंद्रावर उतरले ते गणिताच्या बळावर. तेव्हा शासनाच्या तोंडाकडे पाहत बसू नका. हक्क मागा आणि हाती काम घ्या.

मागणी मोजकी आहे. प्रत्येक शाळेत पटांगणावर एक सावलीची काठी असावी आणि तिच्या नोंदी मुलांनीच ठेवाव्यात. खगोलाचा धडा जूनमध्ये सुरू व्हावा आणि वर्षभर चालावा. शिक्षकांना प्रतिकृतींसह प्रशिक्षण मिळावे. ग्रहणाच्या दिवशी मुलांना घरी कोंडू नये. प्रमाणित चष्मे देऊन किंवा पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून त्यातून पडणारी सूर्याची प्रतिमा त्यांना दाखवावी. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू देऊ नये. ही सावधगिरी डोळ्यांसाठी आहे, राहूसाठी नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे. आणि विहारांच्या गच्च्या पौर्णिमेच्या रात्री वंदनेनंतर अर्धा तास आकाश पाहण्यासाठी मुलांना मोकळ्या असाव्यात. वैशाखी पौर्णिमा आपण पाळतो; पौर्णिमा म्हणजे काय, हे आपल्या मुलाला आले पाहिजे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सोमवार आहे, शाळेचा दिवस आहे. त्या दिवशी दुपारनंतर मुंबई-नवी मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. पावसाळ्याचे ढग ते झाकतील कदाचित. ढगांवर कोणाचा इलाज नाही. पण त्या दिवशी आमची मुले खिडक्या लावून बसणार की पटांगणात उभी राहणार, हे ढगांच्या हाती नाही, तुमच्या हाती आहे. आमच्या पूर्वजांनी ग्रहणात झोळी पसरली, कारण त्यांना दुसरे काही पसरू दिले नाही. त्यांच्या पणतवंडांनी त्या दिवशी वही पसरावी.

जय भीम.